आधी सांगायला हवं होतं

माझी आई माझ्याच घराच्या बाहेर, चपलांशेजारी बसली होती.

शनिवार. ऑफिसला अर्धा दिवस. बेळ्ळंदूरहून बसनं टिन फॅक्टरीच्या स्टॉपला उतरले, कोथिंबीर-वांगी घेतली, गल्लीत वळले, तर ही पायरीवर. पदर डोक्यावरून घेतलेला. मांडीवर स्वतःचं ताट आणि तांब्या. ताट-तांब्या मांडीवर घेऊन कुणी दारात बसतं का? वाटलं, हिला चक्कर आली, कुठं पडली बिडली.

"काय झालं गं आई? बाहेर का बसलीस?"

"वरची बाई म्हणाली, आजी, स्वल्प बाहेर बसा. आत भटजी आलाय."

"आणि हे ताट?"

"ते बी बाहेर घिऊन जावा म्हणाली."

दार उघडं होतं. आत गेले. करपलेल्या दुधाचा वास नाकात बसला. माझ्या शेगडीवर एक नवंकोरं पितळी पातेलं, त्याला हळदकुंकू लावलेलं. दूध उतू जाऊन शेगडीवर, शेगडीवरून ओट्यावर, ओट्यावरून फरशीवर आलेलं. फरशीवर गोमूत्र शिंपडलेलं. माझी परात, पोळपाट, पाण्याचा हंडा, सगळं उचलून मागच्या मोरीत नेऊन पालथं घातलेलं. आणि ओट्यापाशी अक्का उभी. घरमालकीण. वरच्या मजल्यावर राहते. एक जादा किल्ली कायम तिच्याकडे असायची.

"आलात? झालं बघा," ती म्हणाली. "घराला स्वल्प दोष होता. शांती करून घेतली. तुमचं काही नाही हं."

तुमचं. गेल्या आठवड्यापर्यंत ती मला 'तंगी' म्हणत होती. कन्नडमध्ये तंगी म्हणजे धाकटी बहीण. आता मी 'तुम्ही' झाले होते.

भटजी बाहेर पडला. पायरीवर आई बसलेली, तर यानं धोतर उचलून धरलं आणि भिंतीला घासून गेला. अंगाला अंग लागू नये म्हणून. आईनं पाय जवळ ओढून घेतले. साठी ओलांडलेली बाई, लेकीच्या दारात अंग चोरून बसली.

मी काय केलं? काही नाही. फडकं घेतलं आणि फरशी पुसली. दूध चिकट असतं, परत परत पुसावं लागतं. तेवढ्यात प्रज्ञा क्लासवरून आली. माझी पोरगी, दहावीला. दारातच थांबली.

"आई, दूध कुणी सांडलं?"

"अक्कानं."

"का?"

मी फडकं पिळत बसले. काय सांगणार, कप्पाळ?

हे घर आम्हाला कसं मिळालं ते सांगते, म्हणजे ते पुसताना माझ्या हाताला काय होत होतं ते कळेल.

आम्ही निपाणीकडचे. घरात मराठी, बाजारात कन्नड, शाळेत दोन्ही. माझे मालक, प्रज्ञाचे बाबा, यशवंतपूरला एका कारखान्यात मशीनवर आहेत. मी बेळ्ळंदूरच्या एका मोठ्या ऑफिसात पगार-हजेरीचं काम बघते. आधी आम्ही होसकोटेच्याही पलीकडं राहायचो. पोरगी दोन बस बदलून शाळेला. शाळा के. आर. पुरमला. मालकांची रेल्वे के. आर. पुरमहून. माझी बसही तिथूनच. तिघांचे तीन रस्ते तिथं एकत्र यायचे, आणि आम्ही तेवढे लांब पडलेलो. दहावीच्या वर्षी तरी पोरीला शाळेजवळ न्यायचं, एवढंच आमचं होतं. मोठं काही मागितलं नव्हतं.

दर रविवारी घरं बघायची. 'टू लेट'ची पाटी दिसली की बेल वाजवायची. के. आर. पुरममध्ये पाट्यांना तोटा नाही. सगळी वस्तीच आमच्यासारख्यांची, पहाटे रेल्वेला पळायचं, संध्याकाळी तिथल्या तारांवर तोललेल्या पुलाखालच्या गर्दीत अडकून परत यायचं. पण दार उघडलं की भाड्याच्या आधी एकच प्रश्न.

"नीवु याव जना?"

तुम्ही कुठले लोक. कुठले म्हणजे गावाचं विचारत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आम्ही सांगायचो. मालक सांगायचे, सरळ. मग "नंतर फोन करतो." मग "घर पाहुण्याला दिलं." एकानं तर आमच्या देखत पाटी उलटी केली आणि आम्ही गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत परत सुलटी केली. मी वळून बघितलं म्हणून कळलं. मालक म्हणाले, "मागं बघत जाऊ नकोस."

अक्काच्या दारात मात्र तो प्रश्न आलाच नाही. त्याला कारण होतं. बेल वाजवली तेव्हा मी प्रज्ञाला मराठीत ओरडत होते, "चप्पल नीट काढ, दुसऱ्याच्या दारात आहोत." दार उघडलं आणि ही बाई हसत उभी.

"अय्यो, तुम्ही मराठी? या की, या!"

त्यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षं इथलं. कुठल्या काळी सैन्याबरोबर आले, आणि राहिले. घरात मराठी टिकवली, पण तिच्यात निम्मं कन्नड मिसळलेलं. नवऱ्याला सगळी गल्ली 'अण्णा' म्हणायची, हिला 'अक्का'. मला बसवलं, कॉफी दिली, आणि माझ्या तोंडाकडं बघतच राहिली.

"तू बोलतीस ते ऐकाला चेन्नागी, छान वाटतं गे. आमची पोरं तर कन्नड आणि इंग्लिशच. तू खाली राहिलीस तर माझ्या कानाला तरी मराठी पडंल."

तिनं विचारलं नाही. मराठी एवढी चांगली म्हणजे आपल्यातलीच, हे तिनं तिचं तिनं ठरवून टाकलं. आम्ही लपवलं असं कुणी म्हणू नका. विचारलं असतं तर सांगितलं असतं, आणि होसकोटेला परत गेलो असतो. विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी सामान टाकलं.

इथं एक रीत आहे. भाड्याचं का होईना, नव्या घरात पाऊल टाकलं की आधी दूध उतू घालायचं. हालु उक्किसोदु म्हणतात. पूर्वेकडं सांडलं की बरं मानतात. आम्ही ते कधी केलेलं नव्हतं. पण अक्का स्वतः खाली आली, स्वतः दुधाची पिशवी फोडली, माझ्याच पातेल्यात ओतली. दूध वर आलं तशी टाळ्या वाजवायला लागली, लहान पोरीसारखी. उरलेल्या दुधात साखर घालून मी तिला पहिला पेला दिला. तिनं तो घटाघटा प्यायला. "तुझ्या हाताला गोडी हाय तंगी," म्हणाली. मला ते बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. किती वर्षांनी कुणीतरी आमच्या हातचं असं पटकन घेतलं होतं.

एकदा म्हणाली, "देव कुठं बसवले?" मी म्हटलं, "बसवले नाहीत." तिला वाटलं, जागा कमी म्हणून.

आठ महिने. प्रज्ञा चालत शाळेला जायची. घरी येऊन जेवायची, परत क्लासला जायची. तिच्या अंगाला जरा मांस धरलं. संध्याकाळी अक्काच्या गच्चीवर अभ्यास करायची. मालक रेल्वेनं वेळेवर यायला लागले, आम्ही तिघं एकत्र जेवायला लागलो. जेवणं एवढी साधी गोष्ट, तीही आम्हाला नवी होती.

संक्रांतीला आई गावाकडून आली. पोरीची परीक्षा होईपर्यंत राहते, तुला मदत होईल, म्हणाली. अक्काच्या घरी हळदीकुंकू होतं. एळ्ळु-बेल्ला वाटायचं, म्हणजे तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे एकत्र केलेलं. तिनं आईलाही बोलावलं. पंधरा-वीस बायका, सगळ्या जुन्या मराठी घराण्यांतल्या. कुणाची देवी तुळजापूरची, कुणाचा खंडोबा, असं चाललेलं. एकीनं आईला विचारलं, "आजी, तुमची देवी कुठली?"

आईला काय ठाऊक इथलं? ती ताठ बसली आणि म्हणाली, "आमाला देवी न्हाई. माझ्या सासऱ्यानं सगळे देव टोपल्यात भरून नदीत सोडले. आमी बौद्ध."

अभिमानानं म्हणाली. ती गोष्ट ती आम्हाला लहानपणी मांडीवर घेऊन सांगायची. आज्जा टोपली डोक्यावर घेऊन पुढं, मागं सगळी वस्ती, आणि पाण्यात टोपली पालथी घालताना आज्जाचे हात कसे थरथरत नव्हते ते.

अक्का म्हणाली, "सरी, सरी." म्हणजे बरं, बरं. आणि पुढच्या बाईकडं वळली. आईच्या ओटीत वाण टाकलं ते वरून. डबीच होती, स्टीलची, टणकन वाजली.

त्याच्या पुढच्या शनिवारी दूध.

ऑफिसमधल्या मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, पोलिसात तक्रार दे, कायदा आहे. आहे की. पण तक्रारीत काय लिहू? माझ्या शेगडीवर दूध उतू गेलं म्हणून? भिंतीला घासून एक माणूस गेला म्हणून? ठाण्यातला पहिला प्रश्न काय असणार तेही मला पाठ होतं. आणि पोरीची परीक्षा दीड-दोन महिन्यांवर. मी तोंड शिवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कानं जिन्यावरून हाक मारली. मी वर जायला निघाले तर हात केला, तिथंच थांबा म्हणून. ती वरच्या पायरीवर, मी खाली.

"हे बघा, आम्ही तसले लोक नाही. अण्णा म्हणाले, पोरीची परीक्षा होईपर्यंत राहू दे. वर्ष कशाला घालवायचं तिचं? पण तुम्ही स्वल्प अ‍ॅडजस्ट करायचं. कुणी विचारलं तर मराठा म्हणायचं. त्या दिवशीच्या बायकांना मी सांगितलंय, आजीचं डोकं ठिकाणावर नाही, काहीही बोलते. आजीला गावाला पाठवा, नाहीतर आत ठेवा. पोरीलाही सांगून ठेवा."

प्रेमानं बोलली हो. आवाज चढवला नाही. माझ्या आईला वेडी ठरवून मला घर देत होती, आणि तिला वाटत होतं, ती उपकार करते आहे.

मी म्हणाले, "सरी अक्का."

घरात येऊन मालकांना सांगितलं. ते जेवत होते. घास हातातच राहिला. मग खाऊन टाकला. म्हणाले, "दोन महिने. दातावर दात धरून काढू. पोरगी एकदा दहावी सुटू दे." मग प्रज्ञाला समोर बसवलं. मीच सांगितलं. कुणी मराठा का म्हणून विचारलं तर हो म्हण, पुढं काही बोलू नकोस. तिनं विचारलं, "आणि आजीनं सांगितलं ते?" मी म्हटलं, ते खरं आहे, पण आत्ता नाही. पोरगी हुशार. मान हलवली आणि पुस्तक उघडलं. गच्चीवर जाणं तिनं आपणहून बंद केलं. आईला मी काही सांगितलं नाही. तिला न सांगताच सगळं समजलं होतं. दिवसभर आतल्या खोलीत तांदूळ निवडत बसायची. निवडलेलेच परत निवडायची.

मला वाटत होतं, निघतील दिवस. निघालेही असते. पण अक्काला माझी गरज पडली.

तिच्या मुलाचं लग्न ठरत होतं. मुलगी पुण्याच्या घरातली, बेळ्ळंदूरच्या उंच बिल्डिंगमध्ये राहणारी. मुलीची आई रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला म्हणून घर बघायला यायची होती. अक्काची झोप उडाली. परत जिन्यावर हाक. परत ती वर, मी खाली. पण या वेळी तिचा आवाज वेगळा होता.

"त्यांच्यापुढं माझं मराठी निघणार नाही. हसतील. तुम्ही शेजारी बसा. तुम्ही बोला. स्वयंपाकघरात येऊ नका, हॉलमध्ये बसायचं. जेवण बाहेरून सांगितलंय. प्रज्ञालाही आणा, ती चेन्नागी बोलते."

बघा म्हणजे. माझं पाणी नको, माझं ताट नको, माझी आई नको. माझी जीभ तेवढी पाहिजे. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. पण म्हणाले काय? "सरी."

गेलो आम्ही. आई खाली, आतल्या खोलीत. मी पैठणीसारखी दिसणारी ती एकच साडी नेसले. प्रज्ञाला वेणी घातली. पुण्याच्या बाई आल्या, बरोबर त्यांची बहीण. अक्का पुढं झाली, "या, या, बसा, स्वल्प फ्री बसा."

पुण्याच्या बाई हसल्या. "अय्या, किती क्यूट! आधी मला वाटलं कन्नडच बोलताय." बहिणीकडं वळून म्हणाल्या, "ऐकलंस? स्वल्प फ्री बसा!"

अक्काचा चेहरा पडला. कान लाल झाले. साडीचा काठ चिमटीत धरून नुसती उभी राहिली. तिनंच माझ्या आईला चपलांजवळ बसवलं होतं, तरी माझा जीव तुटला तिच्यासाठी. तीनशे वर्षं जपलेली भाषा, आणि या बाईनं दोन शब्दांत तिची टर उडवली. मीच पुढं झाले. बोलायला लागले. हवा, प्रवास, मुलीचं शिक्षण, मुलाचं काम. अक्का जे अडखळत बोलायची ते मी पुरं करायचे. दहा मिनिटांत बैठक जमली. अक्का माझ्याकडं बघून हसलीसुद्धा.

पुण्याच्या बाई माझ्यावर खूश. "तुमचं मराठी मात्र किती स्वच्छ आहे हो! इथं राहून! घराणं कसं बोलण्यातूनच कळतं."

"आमच्यातल्याच त्या," अक्का चटकन म्हणाली. "निपाणीकडच्या मराठा."

आणि माझ्याकडं बघितलं. मी गालिच्याकडं बघितलं. गप्प राहणं ठरलेलं होतं, गप्प राहिले.

तेवढ्यात प्रज्ञा एळ्ळु-बेल्ल्याचं तबक घेऊन त्यांच्यासमोर आली. बाईंनी चिमूटभर घेतलं, तोंडात टाकलं, आणि तिच्या हनुवटीला हात लावून म्हणाल्या, "म्हणजे तू आपल्यातलीच की गं! हो ना?"

प्रज्ञानं माझ्याकडं बघितलं नाही. खाली बघून म्हणाली, "हो."

एवढाच शब्द. तबक तिच्या हातात हलत होतं. तीळ सरकून एका बाजूला गोळा झाले होते.

आणि मला आज्जाचे हात आठवले. देव बुडवताना जे थरथरले नव्हते ते हात. माझ्या पोरीचे हात थरथरत होते, आणि ती तिच्या आजीला, आज्जाला, मला, सगळ्यांना त्या एका 'हो'मध्ये बुडवत होती. कुणी शिकवलं तिला? मी शिकवलं. बोट धरून चालायला शिकवावं तसं समोर बसवून शिकवलं. दहावीत पास व्हावी म्हणून.

मी उठले. अक्कानं माझा हात धरला नाही, धरला असता तरी थांबले नसते.

"नाही," मी म्हणाले. "आम्ही मराठा नाही. आम्ही बौद्ध. त्याच्या आधी महार. पोरगी खोटं बोलली, कारण आम्ही तिला तसं सांगितलं होतं. आम्हाला हे घर पाहिजे होतं म्हणून. अक्कांना सगळं माहीत आहे. माझी आई वेडी नाही. ती खाली बसली आहे, तांदूळ निवडते आहे."

पुण्याच्या बाईंच्या तोंडात अजून ते तीळ होते. चावणं थांबलं. गिळता येईना, थुंकता येईना. पर्समधून कागदी रुमाल काढला आणि बोटं पुसली. ज्या हातानं माझ्या पोरीची हनुवटी धरली होती, त्याच हाताची बोटं. एकेक करून.

"आम्ही नाही हो मानत असलं काही," त्या म्हणाल्या. "आमच्या ऑफिसात सगळे असतात. पण आधी सांगायला हवं होतं."

अक्का ओरडली नाही. मला वाटलं होतं ओरडेल. ती खुर्चीत बसली आणि हळूच म्हणाली, "तंगी, काय केलंस गे."

इतक्या दिवसांनी तंगी. मी प्रज्ञाच्या हातातलं तबक घेऊन टेबलावर ठेवलं आणि तिला घेऊन खाली आले.

आईनं वरचं सगळं ऐकलं होतं. तिथली घरं काय, वर खुर्ची सरकली तरी खाली कळतं. ती उठून उभी होती. मला जवळ घेतलं नाही, शाबास म्हणाली नाही. म्हणाली, "चल. भांडी बांधायला घिऊ."

संध्याकाळी अण्णा खाली आले. दाराच्या बाहेरूनच म्हणाले, महिनाअखेर घर रिकामं करा. मालक रेल्वेनं आले, त्यांना सांगितलं. बराच वेळ बूटसुद्धा काढले नाहीत. मग म्हणाले, "तुझा स्वाभिमान झाला. पोरीचं काय?"

मी परत भांडी बांधायला बसले.

परीक्षेच्या आधी मिळेल ते घर घ्यायचं म्हणून परत होसकोटेच्या पलीकडं गेलो. एक खोली, वर पत्रा. आई गावाला गेली. निघायच्या दिवशी टेम्पोत शेगडी चढवत होतो तेव्हा अक्का पितळी पातेलं घेऊन जिना उतरत होती. आम्ही गल्लीबाहेर पडायच्या आत तिला दूध उतू घालायचं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. लग्न जमलं का मोडलं, मला माहीत नाही. विचारायला गेले नाही.

प्रज्ञानं परीक्षा दिली. दोन बस बदलून जायची. पत्र्याखाली उन्हाचा अभ्यास होत नाही, लाइट जाते ती येत नाही. पास झाली. पण जे कॉलेज पाहिजे होतं ते मिळालं नाही, जो विषय पाहिजे होता तोही नाही. आता जे मिळालं ते शिकते आहे. घरात बोलत नाही फारशी. एकदाच बोलली, भाकरी थापताना, माझ्याकडं पाठ करून.

"आई, तेवढं गप्प बसली असतीस तर?"

तर तू तिथं असतीस, मी मनात म्हणाले. शाळेजवळ, गच्चीवर, चांगल्या मार्कांनी. आणि जिथं जाशील तिथं 'हो' म्हणत असतीस. पुढं होऊन तव्यावरची भाकरी उलटली. पोरगी चुकीचं काहीच विचारत नव्हती. मी तिचं वर्ष घेतलं. तिला परत काय दिलं, ते मला दाखवता येत नाही. तिला ते कधी दिसेल का, तेही माहीत नाही. कुणी मला येऊन सांगू नका, की शेवटी सगळं चांगलं होतं. आमच्या गल्लीत तसं काही होत नाही.

अजूनही दर रविवारी घर शोधतो. मालक आता येत नाहीत, मी एकटी जाते. के. आर. पुरम, त्याच गल्ल्या, त्याच पाट्या. पण एक बदललं. आता मी 'याव जना'ची वाट बघत नाही. दार उघडलं की भाडं विचारायच्या आधी, पाणी बोअरचं का कावेरीचं विचारायच्या आधी, माझं नाव सांगायच्याही आधी, मी ते सांगते. कन्नडमध्ये सांगते, मराठी दिसले तर मराठीत. स्वच्छ मराठीत. ऐकून चेहरे कसे फिरतात ते उभी राहून बघते. पाटी उलटी करतात तेही बघते. गल्लीच्या टोकाला पोचले की मागं वळून बघते.

आजवर एकही दार उघडं राहिलेलं नाही. बहुतेक राहणार नाही. या रविवारीही जाणार आहे. बेल वाजवणार आहे. आधी सांगायला हवं होतं म्हणता ना? आता आधीच सांगणार. घर मिळो न मिळो, पत्र्याखाली म्हातारी होईन, पण माझ्या घरात परत कुणाला 'हो' म्हणायला शिकवणार नाही.